ट्रॉलीचा झोळ

गुढीपाडव्याच्या आगेमागे साखर कारखान्यांचे पट्टे पडू लागतात आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या परत फिरतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेले ट्रॅक्टर सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, कर्नाटक असे ठिकठिकाणचे फड उरकून गावाच्या वाटेला लागतात. ट्रॉली दारात उभी राहिली आणि हौदा रिकामा झाला की तिच्याकडे बाजूने बघावं. नवी असताना पुढून मागेपर्यंत एका रेषेत असलेला सांगाडा मधोमध खाली उतरलेला असतो. मागचं टोक किंचित लोंबतं, फाळका नीट लागत नाही, लावला तर कडी बसत नाही. वर्कशॉपमध्ये याला म्हणतात, ट्रॉलीला झोळ आला.

हा झोळ काढायचा कसा, हे मला सविस्तर सांगायचं आहे. ही दुरुस्ती आपल्याकडे गावोगाव होते, पण बऱ्याचदा जिथे वाकलेलं दिसतं तिथेच पट्टी मारून होते. पुढच्या हंगामात तीच ट्रॉली पट्टीच्या शेजारी तुटते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉली क्षमतेपेक्षा जास्त भरली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच ट्रॉलीतून टोळी जाते आणि येते. भांडीकुंडी, धान्याची पोती, पत्रे, शेळी, लेकरं, म्हातारी माणसं असा सगळा संसार त्या सांगाड्यावर बसून शेकडो किलोमीटर जातो. म्हणून ही दुरुस्ती कामचलाऊ असून भागत नाही.

ट्रॉलीचा सांगाडा तसा साधा असतो. पुढून मागे जाणारे दोन लांब चॅनल, त्यांना जोडणारे आडवे चॅनल, त्यावर पत्र्याचा किंवा अँगलचा हौदा, बाजूला उसाला आधार देणारे उभे खांब. खाली पाटे, पाट्यांखाली एक्सल. चारचाकी ट्रॉलीत पुढचा एक्सल टर्नटेबलवर फिरतो. पुढे ओढण्याची दांडी आणि तिच्या टोकाला हूक. मागेही एक हूक असतो, कारण ऊस वाहताना एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात. हा मागचा हूक लक्षात ठेवावा. पुढच्या ट्रॉलीच्या चेसीवर स्वतःचा ऊस तर असतोच, शिवाय मागच्या भरल्या ट्रॉलीची ओढ तिच्याच चॅनलमधून ट्रॅक्टरपर्यंत जाते. जोडीतल्या पुढच्या ट्रॉलीची चेसी म्हणूनच बारकाईने बघायची.

आता तपासणी. झोळ दिसतो म्हणजे चेसीच वाकली असं समजून गॅस पेटवू नये. ट्रॉली पूर्ण रिकामी करावी, ट्रॅक्टरपासून सोडवावी, सपाट सिमेंटच्या जागेवर उभी करावी. चारी टायरांत हवा सारखी भरावी. मग चारही कोपऱ्यांत जमिनीपासून चॅनलच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजून खडूने तिथेच लिहावी. एकच कोपरा खाली असेल तर दोष बहुतेक पाट्यांत निघतो. एखादं पान तुटलेलं असतं, मधला बोल्ट गेलेला असतो किंवा सगळा पाटाच सपाट होऊन बसलेला असतो. कधी हौद्याचा पत्रा आणि त्याखालचे आडवे चॅनल तेवढे खाली बसलेले असतात, लांब चॅनल मात्र शाबूत. म्हणून आधी हेच ठरवावं लागतं, की वरचं अंग सैल पडलं की त्याला पेलणारी चौकट वाकली. दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि खर्चही.

चेसी सरळ आहे की नाही हे डोळ्याने ठरत नाही, दोरीने ठरतं. गवंडी वापरतात ती नायलॉनची बारीक लाइनदोरी घ्यावी. लांब चॅनलच्या खालच्या अंगाला दोन्ही टोकांशी बरोबर ५० मिलिमीटर जाडीचे दोन ठोकळे लावावेत आणि त्यांच्यावरून दोरी कडक ताणावी. चॅनल सरळ असेल तर मधे कुठेही मोजलं तरी दोरी आणि चॅनल यांच्यात ५० मिलिमीटरच भरतील. मधोमध ३२ भरले तर तिथे १८ मिलिमीटरचा झोळ आहे. एवढ्यावर थांबू नये. दर अर्ध्या मीटरला माप घेऊन आकडे चॅनलवरच लिहीत जावेत, कारण आकडा किती यापेक्षा तो कसा बदलत जातो हे जास्त बोलतं. झोळ टोकापासून हळूहळू वाढत मध्यापर्यंत गेला असेल, तर सगळा चॅनलच ओझ्याखाली दमला आहे. पण दोन मापांमध्ये एकदम उडी दिसली, म्हणजे चॅनल एकाच जागी मोडल्यासारखा वाकला असेल, तर त्या जागी काहीतरी आहे. जुनी भेग, कुणीतरी गॅसने पाडलेलं भोक किंवा जुनी वेल्डिंग. तिथे सरळ करण्याआधी ते शोधावं लागतं.

पीळही तपासायचा. काळ्या रानात ओलीच्या वेळी एक चाक रुततं, बांधावरून किंवा चारीतून ट्रॉली काढताना एक चाक वर आणि समोरच्या बाजूचं खाली जातं, आणि सांगाडा पिळवटतो. दोन सरळ पाइप घेऊन एक पुढे आणि एक मागे चेसीवर आडवा ठेवावा आणि मागे उभं राहून एक डोळा मिटून बघावं. दोन्ही पाइप एकमेकांना समांतर दिसले तर पीळ नाही. शेवटी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकट गुण्यात राहिलेली नाही, आणि अशी ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालते व टायर खाते.

आता पोलाद वाकतं कसं ते समजून घेऊ, म्हणजे पुढच्या कामाची कारणं कळतील. उसाचं कांडं गुडघ्यावर ठेवून वाकवलं तर बाहेरच्या अंगाची साल ताणली जाते आणि आतल्या अंगाची दबून चुरगळते. चॅनलचंही तेच होतं. दोन एक्सलांच्या मधे वरून ओझं आलं की चॅनलची खालची पट्टी ताणली जाते आणि वरची दाबली जाते, मधला उभा भाग त्या मानाने निवांत असतो. ताण मर्यादेत असेपर्यंत ओझं उतरलं की चॅनल परत जागेवर येतो. आपल्याकडच्या साध्या बांधकामी पोलादाची, म्हणजे आयएस २०६२ प्रतीच्या नेहमीच्या मालाची, ही मर्यादा दर चौरस मिलिमीटरला साधारण २५ किलो धरतात. त्यापुढे गेलं की खालची पट्टी कायमची लांबते. ऊस उतरला तरी ती लांबी जात नाही. झोळ म्हणजे हीच लांबलेली खालची पट्टी.

एक ढोबळ हिशोब करून बघा. दोन आधारांत तीन मीटर अंतर आहे आणि त्या पट्ट्यात एका चॅनलवर अडीच टन ऊस सारखा पसरलेला आहे असं धरू. दोन्ही बाजूंच्या लोंबत्या टोकांचा परिणाम सोडून देऊ. शंभर बाय पन्नासचा चॅनल असेल तर मधोमध खालच्या पट्टीत दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलो ताण येतो, म्हणजे ट्रॉली उभी असतानाच मर्यादा संपली. सव्वाशे बाय पासष्टचा असेल तर तोच ताण १४ किलोंच्या आसपास राहतो. पहिल्या चॅनलचं वजन मीटरला साडेनऊ किलोंच्या आसपास, दुसऱ्याचं तेरा. मीटरमागे साडेतीन किलो लोखंड वाढलं आणि ताकद जवळजवळ पावणेदोनपट झाली. ही किमया वाढलेल्या उंचीची आणि रुंद पट्ट्यांची आहे. आणि हा हिशोब उभ्या ट्रॉलीचा. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा क्षणभर ओझं दुप्पट झाल्यासारखं होतं, त्या वेळी सव्वाशेचा चॅनलही मर्यादेला टेकतो. फडातून डांबरीपर्यंतचा रस्ता कसा असतो हे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरा शत्रू यापेक्षा गुपचूप काम करतो. मर्यादेच्या खूप खालचा ताणसुद्धा लाखो वेळा येत-जात राहिला तर पोलादाला भेग पडते. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. रेल्वेचे आस एका फटक्यात न तुटता, दीर्घकाळ चालून मग एक दिवस तुटत, आणि कारण कळत नसे. वेल्डिंग केलेल्या जागेबाबत आज एक नियम सर्रास वापरला जातो. तिथला ताण दुप्पट झाला तर ती जागा साधारण आठपट लवकर दमते. दहा टनांच्या ट्रॉलीवर तेरा-चौदा टन भरले तर ती थोडी जास्त झिजेल एवढाच अंदाज माणूस करतो, पण वेल्डिंगच्या सांध्याचं आयुष्य त्याने निम्म्याहूनही कमी होतं.

म्हणून भेगा शोधणं हे सरळ करण्याच्या आधीचं काम. पाट्यांच्या हँगरभोवती, आडवे चॅनल लांब चॅनलला जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत, दांडीच्या मुळाशी, मागच्या हुकाजवळ आणि प्रत्येक जुन्या पट्टीच्या टोकाशी रंग आणि माती वायर ब्रशने खरवडून काढावी. शंका असेल तिथे डिझेलचं फडकं फिरवून पाच-दहा मिनिटं जिरू द्यावं, मग कोरडं पुसून वर खडूची पूड चोळावी. भेग असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. केसाएवढी भेगही अशी सापडते. भेगेची दोन्ही टोकं खडूने गोल करून ठेवावीत.

आता त्या पट्टीबद्दल. झोळ तसाच ठेवून खालून एक जाड पत्ती लावायची आणि चारी बाजूंनी भरपूर वेल्डिंग मारायची, ही घाईची रीत आहे. याने चॅनल सरळ होत नाही, आहे त्या वाकलेल्या आकारात पक्का होतो. त्याहून वाईट म्हणजे पत्ती जिथे संपते तिथे जाड आणि पातळ भाग एकदम मिळतात. वाकण्याचा सगळा जोर त्या कडेशी गोळा होतो, आणि तिथेच ताणलेल्या पट्टीवर आडवी वेल्डिंग असते. भेगेला याहून सोयीची जागा नाही. ट्रॉली पट्टीशेजारी तुटली की लोक वेल्डरला नावं ठेवतात. खरं तर वेल्डिंग मजबूत असते, जागा चुकलेली असते.

सरळ करण्याचं काम ट्रॉली मोकळी केल्याशिवाय करू नये. हौदा बोल्टने बसवलेला असेल तर उतरवावा, वेल्ड केलेला असेल तर जिथे वाकवायचं तिथले सांधे ग्राइंडरने सोडवावेत. नाहीतर चॅनल वर जायला बघतो आणि हौदा त्याला खाली धरून ठेवतो. टायर काढून बाजूला ठेवावेत. रिममध्ये टायर असताना रिमला किंवा त्याच्या जवळ गॅसची ज्योत लावणं जिवावर बेततं, आतली हवा तापून टायर बॉम्बसारखा फुटतो. दोन्ही तोंडं बंद असलेल्या पाइपला किंवा पेटी चॅनलला तापवायच्या आधी भोक पाडावं, कारण तेच. ट्रॉली जॅकवर ठेवून कुणी खाली शिरू नये. खाली लाकडी स्लीपरचे चौकटीत रचलेले थर किंवा पक्के लोखंडी स्टँड हवेत, जॅक फक्त उचलायला. उसाचं वाळलेलं पाचट चेसीच्या खाचाखोचांत अडकलेलं असतं, ते आधी झाडून काढावं. आणि पाण्याची बादली हाताशी असावी.

झोळ थोडा असेल तर थंडच सरळ करता येतो. चॅनलखाली त्याच्याहून बराच जाड असा गर्डर ठेवायचा, चॅनलची दोन्ही टोकं साखळीने गर्डरला बांधायची आणि मधे हायड्रॉलिक जॅक लावून वर दाबायचं. टोकं बांधली नाहीत तर रिकामी ट्रॉलीच वर उचलली जाते. जोर गर्डर आणि चॅनल यांच्यातच फिरला पाहिजे, जमिनीशी त्याचा संबंध नको. जॅक दाबत दोरी शून्य झोळ दाखवू लागली की नवशिका माणूस थांबतो, आणि जॅक सोडला की चॅनल परत खाली येतो. तीन मीटर अंतरात शंभरचा चॅनल दीड-दोन सेंटीमीटर तर नुसता लवचिकपणे वाकतो आणि सोडला की परत फिरतो. त्याच्यापलीकडे नेलं तेवढंच कायम राहतं. म्हणून थोडं पुढे न्यायचं, सोडायचं, मोजायचं, परत थोडं पुढे न्यायचं. एका दमात न्यायचं नाही. दोन्ही चॅनल आळीपाळीने घ्यायचे, नाहीतर झोळ जातो आणि पीळ येतो.

झोळ जास्त असेल किंवा एका जागी वाकलेला असेल तर उष्णता लागते, आणि इथे कारागिराची खरी कसोटी आहे. बहुतेकांना वाटतं की गॅसने तापवायचं ते मऊ करून ठोकून सरळ करण्यासाठी. पण उष्णतेचा खरा उपयोग पोलादाच्या आक्रसण्यात आहे. पोलाद तापलं की प्रसरण पावतं. दहा सेंटीमीटरचा तुकडा ६०० अंशांनी तापवला तर तो सुमारे पाऊण मिलिमीटर लांबायला बघतो. पण शेजारचा थंड चॅनल त्याला लांबू देत नाही, तेव्हा मऊ झालेला तो तुकडा जाडीत फुगतो आणि स्वतःतच दाबला जातो. निवताना मात्र तो पूर्ण आक्रसतो, आधीपेक्षा आखूड होतो आणि दोन्ही बाजूंना आपल्याकडे ओढतो.

झोळात खालची पट्टी लांबलेली आहे, म्हणजे आखूड करायची तीच. म्हणून चॅनलच्या उभ्या भागावर खडूने व्ही आकाराचा त्रिकोण काढायचा, टोक वर आणि रुंद बाजू खाली. टोकापासून सुरुवात करून ज्योत हळूहळू खाली रुंदावत आणायची आणि शेवटी खालच्या पट्टीचा तेवढा भाग तापवायचा. निवताना खालचा रुंद भाग जास्त आक्रसतो, वरचं टोक कमी, आणि चॅनल आपणहून वर येतो. जॅकचा हलका दाब तापवण्याआधीच देऊन ठेवायचा. तापलेल्या अवस्थेत जॅक जोरात वाढवला तर चॅनल त्या जागी चुरगळतो. एका व्हीने काही मिलिमीटरच मिळतात. मग पूर्ण निवू द्यायचं, दोरी लावायची, आणि पुढचा व्ही शेजारी घ्यायचा. त्याच जागी लगेच पुन्हा नाही. पुरतं निवायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

तापमान ६५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. त्या वेळी पोलाद नुकतं मंद लाल दिसू लागतं. केशरी झालं तर जास्त झालं, त्याने पोलादाची अंगची घडण बिघडते. पण हा मंद लाल रंग सावलीत दिसतो. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात, उघड्या अंगणात तो दिसतच नाही, आणि लाल दिसेपर्यंत तापवत गेलेला माणूस कधीच मर्यादा ओलांडून गेलेला असतो. हे काम छपराखाली किंवा दिवस कलल्यावर करावं. ठरावीक तापमानाला वितळणारे खडू मिळतात, त्यांची रेघ ओढली तर अंदाजावर राहावं लागत नाही. आणि लाल लोखंडावर पाणी ओतायची घाई करू नये. पाणी ओतलं की चॅनल लवकर वर येतो असा अनुभव सांगणारे भेटतात, पण लाल अवस्थेत एकदम थंड केलेलं पोलाद कडक आणि ठिसूळ होऊ शकतं, आणि ट्रॉली पुढे खड्ड्यांतच जायची आहे.

चॅनल सरळ झाला की भेगा. भेगेच्या टोकापलीकडे जरा अंतरावर सहा-आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तिची टोकदार धार संपते आणि ती पुढे धावत नाही. मग ग्राइंडरने भेग पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकारात उघडायची आणि तळापासून भरत यायचं. वरून नुसती रेघ मारली तर आत भेग जशीच्या तशी राहते. साध्या कामाला ६०१३ रॉड चालतो, पण चेसीच्या ताणाच्या जागी ७०१८ बरा. त्याचं वेल्डिंग कमी ठिसूळ असतं. मात्र तो रॉड ओल धरतो, म्हणून पावसाळ्यात उघड्या पाकिटातला काढून तसाच वापरायचा नाही, भट्टीत वाळवून घ्यायचा. प्रत्येक थरानंतर वरची खपली झाडून वायर ब्रश मारायचा. वेल्डिंगची अर्थ कामाच्या जवळ लावावी. चाकाच्या हबला लावली तर करंट एक्सलच्या बेअरिंगमधून फिरतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात.

मजबुतीची पत्ती आता लावायची, आधी नाही. ती चॅनलच्या उभ्या भागावर लावावी, खालच्या ताणलेल्या पट्टीवर आडवी वेल्डिंग टाळावी. पत्तीची टोकं तिरकी कापावीत, म्हणजे जाडी एकदम संपत नाही, हळूहळू उतरत जाते. डाव्या आणि उजव्या चॅनलच्या पत्त्या एकाच रेषेत संपू नयेत, एक थोडी पुढे, एक मागे. वेल्डिंग सलग न ओढता आधी टाके मारून, मग तुटक तुटक आणि आळीपाळीने भरावी. वेल्डिंगची रेघही निवताना आक्रसते आणि चॅनलला आपल्याकडे ओढते. खालच्या बाजूला मारलेली लांब रेघ चॅनल वर उचलते, वरच्या बाजूची खाली पाडते. जाणता वेल्डर हे ओळखून उरलेला दोन-तीन मिलिमीटरचा झोळ वेल्डिंगच्या क्रमानेच काढतो. हे मी फार मोठं कसब मानतो.

चॅनल मुळातच लहान असेल तर पत्तीने भागत नाही, उंची वाढवावी लागते. एक उपाय म्हणजे चॅनलखाली दुसरा चॅनल जोडणं. दुसरा जुना आणि सुंदर उपाय रेल्वेच्या लाकडी डब्यांखाली असे. दोन टोकांमधून खाली ताणलेली लोखंडी सळई, मधे दोन ठेंगण्या खुंट्या, आणि फिरवून घट्ट करायचा आटा. सळई ताणली की खुंट्या सांगाड्याला वर रेटतात. लोखंड थोडं लागतं आणि ताकद भरपूर मिळते. पण शेतातून जाणाऱ्या ट्रॉलीखाली एवढी मोकळी जागा हवी, नाहीतर बांधावर सळईच आधी अडकते. आणखी एक गोष्ट मोठ्या ट्रेलरांकडून घेण्यासारखी आहे. लांब सपाट ट्रेलर मोकळे असताना मधे किंचित उंच असतात, मुद्दाम तसे बांधतात, म्हणजे भरल्यावर सरळ होतात. झोळ काढताना चॅनल अगदी सरळ न ठेवता मधे काही मिलिमीटर उंच ठेवला तर तोच फायदा मिळतो.

चॅनलला समोरून पट्टी लावून सगळी चेसी पेटीसारखी बंद करावी का, असं बरेच जण विचारतात. सगळी करू नये. उघडा चॅनल पिळाला नरम असतो, आणि ओबडधोबड रानात तो नरमपणा कामाचा आहे. सांगाडा थोडा पिळतो आणि चारी चाकं जमिनीवर राहतात. सगळी चेसी पेटीबंद केली तर पिळण्याचा जोर आडव्या चॅनलच्या सांध्यांवर जातो आणि सांधे फाटतात. जिथे वाकण्याचा जोर सर्वात जास्त, तेवढा मधला भाग पेटीबंद करावा, टोकं मोकळी ठेवावीत.

ओढण्याच्या दांडीबाबत मात्र मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. दांडी किंवा हूक वाकला, भेगला, तर नवा बसवावा. चेसी खचली तर ट्रॉली थांबते. दांडी तुटली तर भरलेली ट्रॉली मोकळी सुटते, आणि धारूरच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर ती कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. हुकाची पिन निघू नये म्हणून लॉक आणि दांडीसोबत स्वतंत्र साखळी, ही दोन्ही असलीच पाहिजेत.

बैलांच्या टायरगाडीबद्दल इथेच सांगायला हवं, कारण बीडचे कितीतरी गाडीवान आजही तिच्यावर ऊस ओढतात आणि तिच्या झोळाचा त्रास मुक्या जिवाला होतो. टायरगाडी दोन चाकांवर तोललेली असते. समजा दीड टन ऊस आहे, त्या ओझ्याचा मध्य आसापासून २० सेंटीमीटर पुढे आहे आणि आसापासून जू तीन मीटरवर. तर बैलांच्या मानेवर शंभर किलो येतात. आता दांडी वाकली किंवा पुढचा सांगाडा खचला आणि गाडी फक्त पाच अंश पुढे कलली. ऊस उंच रचलेला असतो, त्याचा मध्य आसाच्या सव्वा मीटर वर धरला तर तो जवळजवळ दहा-अकरा सेंटीमीटर पुढे सरकतो आणि मानेवरचं ओझं दीडशे किलोंवर जातं. गाडीत एक किलो ऊस जास्त भरलेला नसताना. खांद्याला सूज आलेले, कातडी सोललेले बैल दिसले की औषध लावतात, आणि ते लावायलाच हवं. पण त्यासोबत गाडी सपाट जागेवर उभी करून जू नेहमीच्या उंचीवर धरून हौद्यावर पाणसळ ठेवून बघावी. हौदा पुढे कललेला असेल तर आधी सांगाडा सरळ करावा. आस मागे सरकला असेल तर त्याचे यू बोल्ट सोडवून तो जागेवर आणावा. हे काम तासाभराचं असतं आणि मानेवरचा भार त्याच दिवशी उतरतो.

सरळ केलेली चेसी मूळ मापाची ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. दुरुस्ती आणि मजबुती वेगळी, हौदा लांब-रुंद करणं वेगळं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हा फरक उभा राहतो. वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड मारून मग रंग द्यावा, कारण उसाचा रस आणि ओलं पाचट लोखंडाला लवकर गंजवतात. चॅनलच्या खालच्या खोबणीत पाणी साचू नये म्हणून तळाला बारीक निचऱ्याची भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतील तर मोकळी करावीत. मागे लाल परावर्तक पट्ट्या आणि दिवे उसाच्या शेंड्यांनी झाकले जाणार नाहीत अशा जागी खाली बसवावेत.

चाचणी पूर्ण ओझ्याने एकदम करू नये. आधी निम्मं भरून चार-पाच किलोमीटर न्यावं, उतरवावं, दोरी लावावी. झोळ परत आला नसेल तर पूर्ण भरून पुन्हा तेच. पहिल्या चाचणीत एक-दोन मिलिमीटर बसणं चालतं, सांधे जागा घेतात. त्याहून जास्त बसलं तर कुठेतरी भेग राहिली आहे किंवा चॅनलच अपुरा आहे. ही सगळी मापं तारखेसह चेसीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावीत. खंडेनवमीला ट्रॉलीला हार घालण्याआधी एकदा दोरी लावावी, हंगामाच्या मधे पाट्यांचे बोल्ट आवळताना एकदा आणि परत आल्यावर एकदा. आकडा वाढत चालला आहे हे जानेवारीत कळलं, तर तिथेच खेपेला टनभर ऊस कमी भरून हंगाम निभावता येतो आणि टोळी त्याच ट्रॉलीतून सुखरूप घरी येते.